जुन्या पत्त्याने येणाऱ्यांसाठी

बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये गेल्या काही वर्षांत नव्या इमारतीत घर घेतलेल्या कुणाच्याही कपाटात बिल्डरचं माहितीपत्रक सापडतं. गुळगुळीत कागद, आकाशाला भिडलेले टॉवर, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत महारेराचा नोंदणी क्रमांक. प्रकल्प मुंबई उपनगर जिल्ह्यातला असेल तर हा क्रमांक बहुधा ‘पी ५१८’ने सुरू होतो. शेजारी संकेतस्थळाचा पत्ता छापलेला असतो, कारण ग्राहकाने तिथे जाऊन प्रकल्पाची कागदपत्रं स्वतः तपासावीत अशी अपेक्षा आहे. २०१७मध्ये महारेराचं काम सुरू झालं तेव्हा हा पत्ता महाऑनलाइनच्या नावाखाली होता. पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या मुख्य नावाखाली आला. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातींत क्यूआर कोडही सक्तीचा झाला. तो काळा-पांढरा चौकोनही शेवटी पत्ताच, फक्त डोळ्यांनी न वाचता येणारा. संकेतस्थळ असं हलत राहतं. माहितीपत्रक छापलं तसंच राहतं. करारनाम्याच्या फायलीत ते वर्षानुवर्षं पडून असतं आणि नेमकं तंट्याच्या वेळी बाहेर निघतं.

कागदावरचा पत्ता खोडता येत नाही आणि सर्व्हरवरचा टिकत नाही. मधे राहिलेली फट बुजवण्यासाठी यूआरएल रीराइट आणि रीडायरेक्टचे नियम लिहावे लागतात. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे.

आपल्याकडे हे काम कोण करतं? अंधेरी पूर्वेला सीप्झमध्ये, मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांत, घाटकोपरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसलेला मुलगा किंवा मुलगी. नवी साइट तयार असते, शुक्रवारी संध्याकाळी ती लाइव्ह करायची असते, आणि सगळं आटोपल्यावर कुणीतरी म्हणतं, “अरे, जुन्या लिंक्सचं तेवढं बघून घे.” मग कुठून तरी चार ओळी उचलून कॉन्फिगमध्ये चिकटवल्या जातात. साइट उघडते, सगळे घरी जातात. सोमवारी शाळेच्या ऑफिसात फोन वाजायला लागतात की प्रवेशअर्जाची लिंक चालत नाही. हा क्रम मला उलटा करायचा आहे: आधी जुन्या पत्त्यांची यादी, मग नवी रचना. जुना पत्ता साइटच्या मालकाचा उरलेला नसतो. ज्याने तो टिपून घेतला, छापला, व्हॉट्सॲपवर दुसऱ्याला पाठवला, त्याचा तो झालेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे आणि पुढची सगळी तांत्रिक खटपट त्यातून निघते.

रीडायरेक्ट आणि रीराइट ही दोन वेगळी कामं आहेत. निम्मा गोंधळ ती एकच समजल्याने होतो. एक विंग पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीचं गेट डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एका ओळखीच्या कुटुंबाला भेटायला गेलात. वॉचमन सांगतो, “ते घर विकून ठाण्याला गेले, हा घ्या पत्ता.” तुम्ही तो फोनमध्ये टिपता आणि पुढच्या वेळी थेट ठाणं गाठता. हा ३०१. दुसऱ्या कुटुंबाबद्दल तो म्हणतो, “त्यांची विंग पाडलीय, तोवर समोरच्या गल्लीत भाड्याने आहेत, ताबा मिळाला की इथेच येणार.” आज तुम्ही त्या गल्लीत जाता, पण वहीतला मूळ पत्ता खोडत नाही. हा ३०२. तिसऱ्या वेळी वॉचमन काहीच सांगत नाही. तुमच्या हातातलं पार्सल घेतो आणि आत पोचवून येतो. घर कितव्या मजल्यावर आहे हे तुम्हाला कळतही नाही. हा रीराइट. पहिल्या दोन प्रकारांत ब्राउझरला नवा पत्ता कळतो, तो दुसरी फेरी मारतो आणि पत्त्याच्या पट्टीतली अक्षरं बदलतात. रीराइट सर्व्हरच्या पोटात घडतो, पट्टीत काही हलत नाही.

आकड्यांची ही भाषा जुनी आहे. एचटीटीपी १.०चं वर्णन मे १९९६च्या आरएफसी १९४५मध्ये आलं. ३०१ म्हणजे कायमचं हललं, ३०२ म्हणजे तात्पुरतं हललं, इतकं ते सरळ होतं. अडचण फॉर्मची झाली. भरलेला फॉर्म पाठवला आणि उत्तरात ३०२ आला तर बऱ्याच ब्राउझरांनी लिखित नियम सोडून आपली वाट धरली: भरलेली माहिती टाकून द्यायची आणि नवा पत्ता नुसता उघडायचा. ही सवय इतकी रुजली की शेवटी नियमालाच तिच्यासाठी जागा करावी लागली. १९९९च्या आरएफसी २६१६पर्यंत ३०३ आणि ३०७ हे दोन आकडे स्थिरावले. ३०३चा अर्थ तिकडे जाऊन फक्त पाहा. ३०७चा अर्थ तात्पुरतं तिकडे जा, पण हातातलं सगळं घेऊन जा. कायमच्या स्थलांतराला असाच जोडीदार मिळायला बराच काळ गेला. ३०८ हा आकडा २०१४मध्ये प्रयोग म्हणून आला आणि २०१५च्या आरएफसी ७५३८ने पक्का झाला.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. एखाद्या पतसंस्थेच्या सभासदाने कर्जाचा अर्ज भरून ‘पाठवा’ दाबलं. अर्ज स्वीकारणारा पत्ता नुकताच नव्या जागी गेला आहे आणि जुन्यावर ३०१ लावलेला आहे. ब्राउझर नव्या जागी जातो, पण रिकाम्या हाताने. सभासदाला कोरा फॉर्म दिसतो. त्याला वाटतं आपलंच काही चुकलं, तो पुन्हा भरतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये ३०१ आणि त्यामागे २०० असे दोन निरोगी आकडे. तक्रार आल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. तिथे ३०८ लागतो. आणि एखादी गोष्ट समजून-उमजून काढून टाकली असेल तर ४१० द्यावा. ‘होतं, आता नाही’ हेही वाचकाला नीट सांगायला हवं.

पत्ते हलण्याचा अनुभव आपल्या उपनगरांनी इंटरनेटच्या अगदी सुरुवातीपासून घेतला आहे. देशाचं ‘डॉट इन’ हे नाव मे १९८९मध्ये नोंदलं गेलं आणि त्याचा कारभार जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवरच्या एनसीएसटीमधून, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमधून, चालत असे. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली, आणि बहुतेकांना को.इन, एसी.इन, अर्नेट.इन अशा एखाद्या पोटविभागात जागा मिळे. पवईच्या आयआयटीचे पत्ते नव्वदच्या दशकात अर्नेटखाली होते, पुढे ते एसी.इनखाली आले. २००५च्या सुरुवातीला नोंदणी सर्वांसाठी खुली झाली, कारभार निक्सी या संस्थेकडे गेला आणि देशभरच्या संस्थांनी नावं बदलली. एनसीएसटी स्वतः सी-डॅकमध्ये विलीन झाली. सरकारी स्थळं एनआयसी.इनवरून गव्ह.इनवर येत राहिली. त्या काळच्या शोधनिबंधांच्या तळटीपांत आजही अर्नेटचे पत्ते आहेत. ग्रंथालयातल्या त्या प्रती कुणी दुरुस्त करणार नाही, करूही नये.

नव्वदच्या त्याच दशकात जर्मनीत राल्फ एंगेलशाल या तरुणाने एप्रिल १९९६मध्ये अपाचे सर्व्हरसाठी ‘मॉड-रीराइट’ लिहिलं आणि जुलै १९९७मध्ये ते अपाचे गटाच्या स्वाधीन केलं. आलेल्या पत्त्याला रेग्युलर एक्स्प्रेशनच्या चाळणीतून काढून त्याचा हवा तो आकार करण्याची ताकद साध्या वेबमास्तरच्या हाती आली ती तेव्हा. इगोर सिसोयेव्हचं एन्जिनएक्स २००४मध्ये लोकांपुढे आलं आणि तेच काम त्याने वेगळ्या पद्धतीने, बरंच काटेकोरपणे करून दाखवलं. या दोघांच्या मधे, १९९८मध्ये, वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने एक छोटं टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ असा की पत्ते आपणहून बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. म्हणून पत्त्यात लेखकाचं नाव, विभागाचं नाव, वापरलेल्या तंत्राची शेपटी असलं उद्या बदलणारं काही घालू नये. पंचवीस वर्षांनी हिशेब काय निघाला? प्यू रिसर्च सेंटरने मे २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती.

पत्त्यात काय असावं याचा एक उत्तम नमुना मात्र आपल्या घरचाच आहे. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही अलीकडचा शासन निर्णय घ्या. शेवटच्या परिच्छेदात तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे असं नमूद असतं आणि त्याचा संकेतांक दिलेला असतो. अठरा अंकांची ही संख्या. पहिल्या आठांत वर्ष, महिना, दिवस. निर्णयावर डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळे त्यातलं एक अक्षर जरी नंतर हलवलं तरी ते उघड होतं. अंधेरीच्या शाळेतला मुख्य लिपिक किंवा बोरिवलीच्या सोसायटीचा सचिव या निर्णयाची झेरॉक्स फायलीला लावतो ती त्या आकड्यासकट. उद्या संकेतस्थळाची सगळी मांडणी उलटीपालटी झाली, तंत्र बदललं, सर्व्हर बदलला, तरी हा अठरा अंकी आकडा पत्त्यात कुठेतरी आहे तोवर एकाच नियमाने लाखो जुने दुवे नव्या जागी नेता येतात. नियमाला फक्त एवढं सांगायचं: अठरा अंक दिसले की ते उचल, बाकीचं सोड, आणि नव्या रचनेत हे अंक इथे ठेव.

याच पत्त्यांत दुसरी एक गोष्ट दिसते, ती मात्र टाळण्यासारखी. या पीडीएफच्या पत्त्यात ‘गव्हर्नमेंट रिझोल्यूशन्स’ असं दोन शब्दांचं फोल्डर आहे, मधे मोकळी जागा ठेवून. ब्राउझर त्या मोकळ्या जागेचं %२० करतो. व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये असा पत्ता तसाच चिकटवला की दुवा मोकळ्या जागेपाशी तुटतो आणि दाबणाऱ्याला अर्धवट पत्ता मिळतो. असे अर्धे पत्ते लॉगमध्ये रांगेने दिसू लागतात, आणि त्यांच्यासाठीही नियम लिहावा लागतो. शेवटचा आकडाच गळून पडलेला असेल तर नियम तरी काय करणार? तिथे शोधाच्या पानावर नेऊन सोडणं, एवढंच हातात राहतं.

आता देवनागरीकडे येतो. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग याच प्रश्नाने व्यापला आहे, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत तो जवळपास नसतो.

‘मुलुंड’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचासुद्धा वाटत नाही. युनिकोडमध्ये त्याचे सहा घटक होतात: म, उकार, ल, उकार, अनुस्वार, ड. प्रत्येक घटकाला तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका ‘मुलुंड’ची ५४ चिन्हं. ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी दिसतं, पण तोच पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की ५४ चिन्हांची ती रांग बाहेर पडते आणि पाहणारा म्हणतो, हा व्हायरस आहे का.

वर्डप्रेसवर पत्त्यातल्या शीर्षकाला जास्तीत जास्त २०० चिन्हांची मर्यादा आहे. रोमन लिपीत २०० चिन्हं म्हणजे ऐसपैस जागा. देवनागरीचे त्यात बावीसच घटक मावतात. समजा उपनगरातल्या एखाद्या बातमीपत्राने बातमी टाकली: ‘बोरिवली पश्चिमेतील पाणीपुरवठा उद्या बंद’. बोरिवलीचे सात घटक म्हणजे ६३ चिन्हं, एक आडवी रेघ, पश्चिमेतीलचे दहा घटक म्हणजे ९०, पुन्हा एक रेघ. झाली १५५. उरलेल्या ४५ चिन्हांत पाच घटक बसतात: प, काना, ण, ईकार, प. पत्ता तयार होतो ‘बोरिवली-पश्चिमेतील-पाणीप’. पुढच्या महिन्यात बातमी येते, ‘बोरिवली पश्चिमेतील पाणीपट्टी वाढणार’. तिचाही पत्ता नेमका तिथेच तुटतो. दोन बातम्यांना एक पत्ता चालत नाही, म्हणून वर्डप्रेस मागे ‘-२’ लावतो, आणि त्या दोन चिन्हांसाठी जागा करायला आणखी एक घटक कापतो: ‘बोरिवली-पश्चिमेतील-पाणी-२’. अशा शेकडो बातम्यांची साइट नव्या रचनेत नेताना शीर्षकावरून नवा पत्ता ओळखणारा कुठलाही हुशार नमुना चालत नाही. पाणीपुरवठा की पाणीपट्टी हे पत्त्यात उरलेलंच नसतं. तिथे जुना पत्ता एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला अशी सरळ यादी करावी लागते. अपाचेत ती ‘रीराइटमॅप’ने जोडता येते, एन्जिनएक्समध्ये ‘मॅप’ने. काम कंटाळवाणं आहे. मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं, आणि दुसऱ्या प्रकरणाची चाळीसेक पानं मी त्यालाच दिली आहेत.

एकच दिसणारं अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतं, हा याहून बारीक प्रश्न. ‘गोराईच्या किनाऱ्यावर’मधला ऱ घ्या. तो एका घटकाने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा दोन घटकांनी लिहिता येतो, किंवा र, पायमोडाचं चिन्ह आणि डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक अशा रीतीनेही उमटवता येतो. पडद्यावर तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोडच्या लेखी एकच आहेत, त्यामुळे प्रमाणीकरण केलं की जुळतात. तिसरा कधीच जुळत नाही. ‘ॲ’ची कथा अशीच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी बरेच जण अ लिहून त्यावर चंद्र ठेवत, आणि अनेक कीबोर्ड अजूनही तेच करतात. या दोहोंना युनिकोड समान मानत नाही. त्यामुळे २००८च्या आधीच्या आणि नंतरच्या मराठी पत्त्यांत ‘ॲप’ हा साधा शब्द दोन वेगळे पत्ते बनतो. नियम लिहिणाऱ्याने दोन्ही रूपं धरली नाहीत तर निम्मे वाचक ४०४वर जाऊन आदळतात. आणि त्याला स्वतःला सगळं ठीक दिसतं, कारण त्याचा कीबोर्ड एकच रूप उमटवतो.

सर्व्हरची रेग्युलर एक्स्प्रेशन्स मुळात बाइट मोजतात, अक्षरं मोजत नाहीत. क हा २२४, १६४, १४९ असा तीन बाइटांचा. ह हा २२४, १६४, १८५. आपण नमुन्यात मोठ्या विश्वासाने [क-ह] लिहितो आणि समजतो की एक व्यंजन पकडलं. सर्व्हर वाचतो असं: २२४, १६४, मग १४९ ते २२४मधला कुठलाही बाइट, मग १६४, १८५. म्हणजे अक्षराचा एक तृतीयांश तुकडा. नमुन्याच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण दिली की हे सुधारतं. ती द्यायची नसेल तर देवनागरी शब्द पूर्ण, जसाच्या तसा लिहावा आणि अक्षरांच्या पल्ल्यांच्या वाटेला जाऊ नये. मी बहुतेक वेळा दुसरं करतो.

या बाबतीत मराठी विकिपीडियाकडून शिकण्यासारखं आहे. तिथे लेखाचं शीर्षक बदललं की जुन्या शीर्षकावर पुनर्निर्देशनाचं पान आपोआप उरतं, आणि बोरिवली-बोरीवली असा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असला की संपादक दुसऱ्या रूपासाठी हाताने तसंच पान करून ठेवू शकतात. शुद्धलेखनाचा आग्रह धरावा, पण तो वाचकाला दारातून परत पाठवण्यासाठी वापरू नये.

नियमांच्या क्रमाबद्दल आणि साखळीबद्दल पुस्तकात सविस्तर आहे, इथे थोडक्यात. नेमके नियम आधी, ढोबळ नियम शेवटी, कारण सर्व्हर वरून खाली वाचत येतो आणि सगळं गिळणारा ^(.*)$ पहिल्याच ओळीत बसला तर खालच्यांना काम उरत नाही. प्रश्नचिन्हानंतरचा भाग अपाचेच्या नियमाचा नमुना पाहतच नाही. त्यासाठी वेगळी अट लावावी लागते. जुन्या एएसपी साइटींचे सगळे पत्ते तर ‘आयडी=४५’ अशा शेपटीवरच उभे असतात. मुख्य कॉन्फिगमध्ये चाललेला नियम उचलून एचटीॲक्सेस फायलीत टाकला की तो लागत नाही, कारण तिथे पत्त्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ आधीच काढून घेतलेली असते. एका तिरक्या रेघेपायी लोक रात्र रात्र बसतात.

साखळी तयार होते ती वर्षानुवर्षांच्या थरांमुळे. कुणी एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेणारा नियम लिहिला, दुसऱ्याने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढणारा, तिसऱ्याने शेवटी रेघ लावणारा, चौथ्याने नव्या फोल्डरात नेणारा. प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर. वाचक मात्र चार उड्या मारतो, आणि लोकलमध्ये घाटकोपर ते विक्रोळी नेटवर्क येत-जात असताना यातली प्रत्येक उडी जाणवते. गूगलचा बॉट अशा दहा उड्यांपर्यंत मागे येतो; क्रोम आणि फायरफॉक्स विसांच्या आसपास हात टेकतात. चारही बदल एकाच उत्तरात द्यावेत. जरा डोकं लावलं की ते जमतं.

चक्र हा साखळीचा सर्वांत वाईट प्रकार. आजकाल ते बहुधा एकाच कारणाने होतं. वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक प्रॉक्सी बसलेली असते. वाचकाशी ती एचटीटीपीएसने बोलते, आतल्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने. सर्व्हरला वाटतं, हा साध्या दाराने आला; तो सुरक्षित दाराकडे पाठवतो. वाचक तर तिथेच उभा आहे. प्रॉक्सी पुन्हा साध्या वाटेने आत विचारते, सर्व्हर पुन्हा तेच सांगतो. उपाय एका ओळीचा आहे: प्रॉक्सीने पाठवलेल्या शीर्षात मूळ वाट कोणती ते पाहायचं आणि मग ठरवायचं. ते शीर्ष कुणाकडून आल्यास खरं मानायचं, हा सुरक्षेचा वेगळा प्रश्न, आणि तो पाचव्या प्रकरणात आहे.

एक गोष्ट मात्र इथेच ठासून सांगतो. नवा नियम तपासताना आधी ३०२ लावा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, पुष्कळदा फार काळ. चुकीच्या ठिकाणी नेणारा ३०१ तासभर जरी लाइव्ह राहिला तरी त्या तासात आलेल्या माणसांच्या ब्राउझरात तो बसून राहतो. तुम्ही सर्व्हरवर दुरुस्ती केलीत तरी त्यांचा ब्राउझर तुमच्याकडे विचारायला येतच नाही. मग फोनवर “कॅश क्लिअर करा, इनकॉग्निटोमध्ये बघा” सुरू होतं. सत्तरीच्या सभासदाला हे सांगण्याची वेळ आणू नये. ३०२वर चार दिवस सगळं नीट चाललं, लॉग स्वच्छ दिसले, की ३०१ करा.

आणि सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याची जी पद्धत पडली आहे तिचा मला राग आहे. करणाऱ्याला ती सोय वाटते: एक ओळ, एकही ४०४ नाही, अहवाल हिरवागार. पण मुलुंडमधली एखादी आजी नातवाच्या शिष्यवृत्तीच्या यादीची लिंक दाबते आणि तिच्यापुढे संस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो येतो. यादी काढली आहे, हलवली आहे की तिनेच चुकीचं दाबलं, हे तिला कोण सांगणार? स्वच्छ ४०४ यापेक्षा खूप प्रामाणिक. गूगलही असल्या वळवणीला ‘सॉफ्ट ४०४’ समजतं, त्यामुळे ज्या कारणासाठी हे केलं जातं तेही साधत नाही.

नियम किती काळ ठेवायचे, असं नेहमी विचारतात. गूगलची शिफारस किमान एक वर्षाची आहे. शोधयंत्राला तेवढं पुरतं. माणसांना पुरत नाही. उपनगरातल्या एका वाचनालयाच्या साइटवर ग्रंथयादीचा जुना पत्ता, साइट बदलून कितीतरी वर्षं झाली तरी, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लॉगमध्ये उगवायचा. शोधल्यावर कळलं की तो वर्गणीच्या पावतीच्या मागे छापला होता आणि पावतीपुस्तकांचा जुना गठ्ठा अजून संपायचा होता. महिन्याच्या सुरुवातीला वर्गणी भरली जायची, पावती हाती पडायची आणि कुणीतरी घरी जाऊन तो पत्ता टाइप करायचं. असा पत्ता वर्षभरात निवृत्त करता येत नाही. डोमेनचं नाव बदललं असेल तर जुन्या नावाचं नूतनीकरणही चालू ठेवावं लागतं. ते सुटलं आणि दुसऱ्या कुणी उचललं की पावतीमागचा तोच पत्ता कुठे नेईल याची खात्री कुणाला देता येणार नाही.

पुस्तकातली उदाहरणं अपाचे २.४ आणि एन्जिनएक्स या दोन्हींसाठी दिली आहेत. ती आधी घरच्या यंत्रावर चालवून पाहावीत. पहिलं प्रकरण यादीचं आहे, आणि यादीसाठी चार ठिकाणं धुंडाळायची आहेत: जुना साइटमॅप, सर्च कन्सोल, इंटरनेट आर्काइव्हमधल्या जुन्या प्रती आणि संस्थेचे छापील कागद, म्हणजे अहवाल, पावत्या, निमंत्रणपत्रिका, दिवाळी अंकातल्या जाहिराती. पाचवं ठिकाण सर्व्हरचे ॲक्सेस लॉग, आणि त्यांची मात्र घाई आहे. डेबियन आणि उबुंटूवर अपाचे आणि एन्जिनएक्सचे लॉग रोज पालटतात आणि मुद्दाम काही बदललं नसेल तर चौदा दिवसांपूर्वीचे पुसले जातात. म्हणून पान उलटण्याआधी लॉगरोटेटच्या फायलीतला १४चा आकडा वाढवून घ्या, आणि आज शिल्लक असलेले लॉग दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.